प्रार्थनेतली नावं

'देशोदेशी काम करणाऱ्या तुझ्या सेवकांना सांभाळ.' रविवारच्या उपासनेत हे वाक्य येतं आणि जातं. ते इतकं पाठ झालंय की कधी आलं, कधी गेलं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्याच्या आधी देशाच्या राज्यकर्त्यांसाठी मागणं होतं, मग आजाऱ्यांसाठी. आजाऱ्यांची नावं घेतात. कुणाचं ऑपरेशन कोणत्या वारी आहे, हेसुद्धा सांगतात. दहावी-बारावीला बसलेल्या पोरांची यादी वाचतात. आणि मग ज्यांना आपणच पाठवलं, ज्यांच्या नावाने महिन्याला पाकीट भरतो, त्यांच्यासाठी हे एक बिननावाचं वाक्य. आमेन. बसा.

माझं म्हणणं साधं आहे. मिशनकार्याला मंडळीच्या प्रार्थनेचा आधार असतो असं आपण वर्षानुवर्षं म्हणतो, पण अशा बिननावाच्या वाक्याचा आधार कुणालाच होत नाही. ज्या प्रार्थनेने मिशनं खरोखर उभी राहिली आणि तगली, ती वेगळी होती. तिच्यात नावं होती, बातम्या होत्या, आणि ती म्हणणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी जबाबदारी पडत होती.

वाङ्मय मंडळाच्या मित्रांनी 'हैदराबादवरून काही लिहून पाठव' असा निरोप दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा काचीगुड्याची मराठी वस्ती, इराणी चहा, दखनी बोली असं काहीतरी असणार. तेही लिहीन कधीतरी. पण मी इथे राहतो, रविवारी मंडळीत तेलुगूतून गातो आणि घरी मराठीतून प्रार्थना करतो, आणि गेली काही वर्षं हा एकच विषय डोक्यात घोळतोय.

हा अंक वाचणारे बरेच जण ख्रिस्ती नसतील, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आधी 'मिशन' या शब्दाबद्दल. हा शब्द कानावर पडला की एकतर कॉन्व्हेंट शाळा आठवते, नाहीतर धर्मांतराचा वाद. पण मराठी माणसाने हा शब्द चर्चबाहेरही आपलासा केला होता. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. संस्थेचं नावच बघा: सुधारणा समाज नाही, सेवा समाज नाही, प्रार्थना समाज. दर आठवड्याला एकत्र बसून उपासना करणाऱ्या त्या मंडळींनी रात्रशाळा काढल्या, पंढरपूरला अनाथ बालकाश्रम चालवला. आणि त्याच समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढली तेव्हा तिचं नाव ठेवलं डिप्रेस्ड क्लासेस मिशन. एकत्र प्रार्थना करणाऱ्यांतून कुणीतरी उठतो आणि कामाला जातो, ही गोष्ट एवढी आपल्याकडची आहे. ती परकी समजायचं कारण नाही.

बायबलमध्ये तर ती पानोपानी आहे. अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करत बसली होती, त्या बैठकीतून बर्णबा आणि शौल यांना पाठवलं गेलं. प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय. पण मला त्याहून मत्तयाच्या शुभवर्तमानातला एक क्रम फार बोलका वाटतो. नवव्या अध्यायाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो की पीक पुष्कळ आहे, कामकरी थोडे, तेव्हा कामकरी पाठवण्याबद्दल धन्याकडे मागा. अध्याय संपतो. दहावा अध्याय उघडला की त्याच बारा जणांना बोलावून, त्यांची एकेक करून नावं लिहून, त्यांनाच कामाला पाठवलेलं आहे. मागणारेच पाठवले गेले! आमच्याकडे एक पाळक गंमतीने म्हणायचे, की कामकऱ्यांसाठी प्रार्थना करायची असेल तर आधी चपला घालून बसा.

आता इतिहासाकडे येतो, कारण आपण जी मासिक प्रार्थना विसरलोय तिचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे.

१७८४ साली इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरच्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी एक ठराव केला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी तासभर सर्वांनी आपापल्या गावी जमायचं आणि प्रार्थना करायची, पण फक्त स्वतःच्या गावापुरती नव्हे, जगाच्या दूरच्या कोपऱ्यांसाठी. छोट्या छोट्या खेड्यांतल्या मंडळ्या होत्या त्या. श्रीमंत तर नव्हत्याच. त्यांच्यातच विल्यम केरी नावाचा जोडे शिवणारा एक तरुण होता. आठ वर्षांनी, १७९२ साली, याच मंडळ्यांच्या पाळकांनी मिशनरी सोसायटी काढली आणि १७९३ मध्ये केरी बंगालला पोचला. पुढे श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला, वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेला. मराठीच्या छपाईचा इतिहास शिकताना आपण श्रीरामपूरपाशी थांबतो. त्याच्या मागे पहिल्या सोमवारचा तो तास आहे, हे कुठे शिकवत नाहीत.

अमेरिकेतही हेच. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला बाहेर गेले असताना वादळ आलं आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथे त्यांनी आशियातल्या कामाबद्दल प्रार्थना केली. कॉलेजचे विद्यार्थी होते हो, तुमच्याच वयाचे. १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड स्थापन झालं आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईच्या बंदराला लागले. कंपनी सरकारला ते नकोच होते. पुढे यातूनच अमेरिकन मराठी मिशन, १८३१ पासून अहमदनगरचं काम, १८४२ चा 'ज्ञानोदय', हे सगळं आलं.

पण माझा मुद्दा या यशाचा नाहीच. पहिली दहा-बारा वर्षं मुंबईत या मिशनकडे दाखवायला काय होतं? बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके. थोड्या शाळा. १८२४ मध्ये मुलींची शाळा. बाकी ताप, कॉलरा आणि मरणाच्या बातम्या. खुद्द गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेला. आजच्या हिशोबाने हे 'प्रोजेक्ट' तीन वर्षांत बंद झालं असतं. ते बंद पडलं नाही, कारण तिकडे अमेरिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी गावोगावच्या मंडळ्या जमत होत्या आणि मिशनरींची पत्रं, रोजनिशीतले उतारे बोर्डाच्या मासिकातून मोठ्याने वाचले जात होते. कुठल्याशा खेड्यातल्या शेतकऱ्याला मुंबईतल्या शाळेत किती पोरं येतात हे माहीत होतं. कोण आजारी आहे, कुणाचं मूल गेलं हे माहीत होतं. त्यांनी फळ मागितलंच असणार, पण फळ नसतानाही त्यांना प्रार्थना करायला विषय होता, कारण त्यांना माणसं माहीत होती. मला वाटतं सगळी मेख इथे आहे. नुसत्या आकड्यांसाठी प्रार्थना करणारे आकडा वाढेनासा झाला की उठून जातात.

हिंदुस्थानातूनही अशी हाक गेली होती. १८५८ मध्ये, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाची राख अजून गरम असताना, लुधियानाच्या मिशनरींनी जगभरच्या मंडळ्यांना विनंती केली की १८६० च्या जानेवारीतला एक आठवडा एकत्र प्रार्थनेसाठी ठेवा. आपल्याकडे वर्षाच्या सुरुवातीला जो प्रार्थना सप्ताह होतो, तो याच हाकेपासून सुरू झाला. त्या सप्ताहात आपण आता काय करतो? रोज एक वक्ता, रोज एक गायनगट, शेवटच्या दिवशी जेवण. प्रार्थना पाच मिनिटं.

आता हैदराबादच्या जवळ येऊ. इथल्या मंडळ्यांत ओंगोलच्या टेकडीची गोष्ट प्रत्येक पोराला ठाऊक असते. अमेरिकन बाप्टिस्टांचं तेलुगू मिशन नेल्लोरला होतं आणि इतकं निष्फळ की ते बंद करावं अशी चर्चा अमेरिकेत चालली होती. १ जानेवारी १८५४ च्या पहाटे लायमन ज्युएट, त्यांची पत्नी आणि तीन तेलुगू विश्वासणारे, त्यात ज्युलिया आणि रूथ नावाच्या दोन बाया, अशा पाच जणांनी ओंगोलजवळच्या टेकडीवर चढून प्रार्थना केली की या गावासाठी कुणीतरी पाठव. १८६६ साली जॉन क्लाऊ ओंगोलला आला. आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. त्याच मिशनचं काम १८७० च्या दशकात सिकंदराबाद आणि हनमकोंड्यापर्यंत, म्हणजे निजामाच्या राज्यात आलं.

व्यासपीठावरून ही गोष्ट सांगताना टेकडीवरून थेट नदीत उडी मारतात. पाच जणांनी प्रार्थना केली, दोन हजार आले, हालेलुया. मला ही सांगण्याची पद्धत अजिबात आवडत नाही. टेकडी आणि नदी यांच्यामध्ये चोवीस वर्षं आहेत. त्यातली बारा वर्षं तर माणूस मिळण्यातच गेली. मध्ये १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ आहे. त्या दुष्काळात क्लाऊने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं, भुकेल्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून. आणि दुष्काळी मदत चालू असेपर्यंत त्याने बाप्तिस्मे देणं थांबवलं. अन्नासाठी कुणी धर्म बदलला असं होऊ नये म्हणून. लोक मागत होते, तरी पंधरा महिने थांबवलं. मदत संपल्यावर मगच नदी. आणि त्या दिवशी पाण्यात उभे राहून बाप्तिस्मे दिले ते सहा तेलुगू उपदेशकांनी, क्लाऊने नव्हे. आलेले लोक मुख्यतः मादिगा, चामड्याचं काम करणारे, गावकुसाबाहेरचे.

म्हणजे टेकडीवरच्या प्रार्थनेचं उत्तर नुसती नदी नाही. कालवा हेही तिचं उत्तर आहे. कुदळ, मजुरीचा हिशोब, कॉलऱ्याच्या छावण्या, 'आत्ता नको, थांबा' असं सांगण्याचा निर्धार, हे सगळं त्या प्रार्थनेत धरायला हवं. मंडळीने प्रार्थना करायची ती या मधल्या कंटाळवाण्या भागासाठी. टेकडीच्या आणि नदीच्या दिवशी उत्साह आपोआप असतो, तेव्हा आपली गरज कमीच.

आपल्या मराठवाड्याचा विसर पडायला नको. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इथल्या मिशनच्या इतिहासात मराठी पान आहेच. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे फ्री चर्चचे मिशनरी म्हणून जालन्याला आले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, आणि त्यासाठी जमीन दिली ती सालारजंगांच्या दिवाणगिरीतल्या निजाम सरकारने. मुसलमान राज्यकर्ता, ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला मिशनरी, गावात राहायला आलेले बहुतेक मांग-महार. हे पान वाचताना कुणाच्याही साच्यात बसत नाही, म्हणूनच बहुधा कुणी फारसं वाचत नाही.

आणि दोर्नकल! हैदराबादहून विजयवाड्याकडे गाडीने जाताना हे जंक्शन लागतं. बहुतेक जण तिथे फक्त चहा पितात. १९०३ साली तिरुनेलवेलीच्या तमिळ मंडळ्यांनी स्वतःची मिशनरी सोसायटी काढली. पैसा तमिळ मंडळ्यांचा, प्रार्थना त्यांची, माणसं त्यांची. आणि क्षेत्र निवडलं ते दूर निजामाच्या मुलखातलं, दुसऱ्या भाषेचं. व्ही. एस. अझरया त्या कामाचे आधारस्तंभ. तेलुगू शिकून ते दोर्नकलला राहायला आले आणि २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याला त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. त्याआधी १९१० साली एडिंबरोच्या जागतिक परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनरींना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही कष्ट केलेत, त्याग केलात, आता आम्हाला मैत्री द्या.

तमिळ गावातली एखादी बाई, जिने तेलुगूचा एक शब्द ऐकलेला नाही, ती दोर्नकलच्या लोकांसाठी प्रार्थना करत होती. यात देशाची एकात्मता वगैरे मोठे शब्द मला वापरायचे नाहीत. पण आपल्या जातीच्या, भाषेच्या, जिल्ह्याच्या बाहेरच्या माणसांचं बरं व्हावं असं आठवड्यातून एकदा मोठ्याने म्हणायची सवय किती लोकांना असते?

पैशाचं बोलायलाच हवं, कारण 'प्रार्थनेने काय होणार, पैसे पाठवा' असं म्हणणारे व्यवहारी लोक दर मंडळीत असतात. चुकीचं बोलत नाहीत ते. पण त्यांना वाटतं ही दोन खाती वेगळी आहेत. मिझोरामच्या बाया १९१० पासून रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर तांदूळ मिशनसाठी बाजूला काढतात. आपल्याकडे मुष्टिफंड म्हणत तेच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतच्या वसतिगृहांनाही अशीच मुठीमुठीने धान्याची मदत झाली. आता मला सांगा, चुलीपुढे उभं राहून रोज एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, तर ती टाकताना मनात कुणाचा तरी चेहरा येणारच. तिथे प्रार्थना कुठे संपली आणि दान कुठे सुरू झालं हे सांगता येणार नाही. याउलट महिन्याच्या एक तारखेला बँकेतून आपोआप वळती होणाऱ्या रकमेला चेहरा नसतो. रक्कम मोठी असेल, मूठ नाही.

तमिळनाडूत १९५० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या छोट्या प्रार्थनागटांतून जी फ्रेंड्स मिशनरी प्रेअर बँड उभी राहिली, तिने हे नावातच ठेवलंय. आधी गट जमले, मग त्यांनी माणसं पाठवली, अगदी गुजरातच्या डांगपर्यंत. सेवकाच्या मागे ऑफिस असतंच, पण त्याच्याही आधी एक प्रार्थना करणारा गट असतो.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तर आपल्या सर्वांना अभ्यासाला असतं, पण स्त्रीशिक्षण आणि दुष्काळातल्या मुली एवढ्यापुरतं. तिथल्या वार्तापत्राचं नाव 'मुक्ती प्रेअर बेल' होतं, म्हणजे प्रार्थनेची घंटा. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज जमून देशासाठी प्रार्थना करायला कोण येईल? सत्तरेक मुलींनी सुरुवात केली, जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. पुढे त्यांच्यातल्या मुलींच्या टोळ्या आजूबाजूच्या गावांत जाऊ लागल्या. केडगावच्या त्या मुली कोण होत्या? दुष्काळात उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकलेल्या. ज्यांच्यासाठी इतरांनी प्रार्थना करावी, अशी सगळ्यांची समजूत. रमाबाईंनी त्यांनाच प्रार्थना करणाऱ्या बनवलं. मला या गोष्टीचा आदर वाटतो तो चमत्कारांसाठी नाही, यासाठी वाटतो.

आमच्या हैदराबादेत हा सामूहिक प्रार्थनेचा वारसा सर्वांत ठसठशीत दिसतो तो गोलकोंडा चौरस्त्याजवळच्या हेब्रोनमध्ये. पंजाबातल्या शीख घरात जन्मलेले बख्त सिंग १९५० च्या सुमारास इथे आले आणि २००० साली सप्टेंबरमध्ये इथेच वारले. त्यांची रीत अशी, की पैशासाठी आवाहन करायचं नाही, सेवकांना ठरीव पगार नाही, जे मागायचं ते देवाकडे, पण सर्वांनी मिळून. वार्षिक संमेलनाला हजारो माणसं मांडवात राहायची, सगळ्यांचं जेवण एकत्र, फुकट. जमिनीवर चटईवर बसायचं. बायाबापड्यासुद्धा मोठ्याने प्रार्थना करायच्या. आमच्या मंडळीची परंपरा वेगळी आहे, छापील उपासनेची, आणि मला ती प्रिय आहे. पण साधी चटई अंथरली की बोलणाऱ्यांची संख्या वाढते, हे मान्य करायला हवं. बाकांवर बसलं की एकजण बोलतो आणि बाकीचे आमेन म्हणतात.

आता एक नाजूक गोष्ट. अलीकडे प्रार्थनेत एक लढाऊ भाषा शिरली आहे. किल्ले पाडायचे, भूमी ताब्यात घ्यायची, शत्रूला बांधून टाकायचं. बोलणाऱ्याच्या मनात अदृश्य शक्ती असतात असं तो म्हणेल. पण हैदराबादच्या फ्लॅटांच्या भिंती पातळ असतात. पलीकडे शेजारी आहे, तो ऐकतो. त्याच्या घरची आरती आपण ऐकतो, समोरच्या मशिदीची अजान आपण ऐकतो, तसंच आपलंही त्याला ऐकू जातं. मी स्वतःपुरता एक नियम केलाय: ज्याच्यासाठी प्रार्थना करतोय तो शेजारी येऊन बसला, तर हेच शब्द बोलता येतील का? येत नसतील, तर ती प्रार्थना बोलायची नाही. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी जे मागितलं ते अख्ख्या जगापुढे मागितलं, कुणाच्याही तोंडावर म्हणता येईल असं. मराठीत सामूहिक मागण्याला एवढी उंच परंपरा असताना आपण युद्धाची भाषा उसनी का आणावी?

कुणी म्हणेल हा भित्रेपणा आहे, किंवा राजकारण आहे. मला तसं वाटत नाही. निजामाबादजवळच्या डिचपल्लीचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ घ्या. १९१५ च्या सुमारास डॉ. इझाबेल कर आणि त्यांचे पती यांनी ते उभं केलं, मेथडिस्ट मिशनकडून. त्याला मोठी देणगी दिली ती नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी. त्या गृहस्थांसमोर बसून आपण कोणती प्रार्थना म्हणणार? जी म्हणता येईल तीच खरी, आणि ती काही कमी ख्रिस्ती ठरत नाही.

'देवाला नावं ठाऊक नाहीत का?' हा प्रश्न तरुण मुलं विचारतात, आणि बरोबर विचारतात. देवाला ठाऊक आहेत, आपल्याला नाहीत. आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स आहेत, बुधवारच्या प्रार्थनेला येणाऱ्या. पाळकांना इथे अय्यगारु म्हणतात. अय्यगारु विसरले तरी अम्मांच्या वहीत सगळं असतं. आदिलाबादकडे, म्हणजे आपल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या भागात, गोंड-कोलाम वस्त्यांत काम करणारं एक जोडपं आहे. त्यांच्या पानावर अम्मांनी लिहिलंय: मोटारसायकल जुनी. मुलीला हॉस्टेलवर करमत नाही. कोलामी शिकणं अवघड जातंय. पावसाळ्यात ताप. एका बुधवारी अम्मांनी 'त्यांच्या मोटारसायकलसाठी' प्रार्थना केली तेव्हा दोघं-तिघं हसले. पुढच्या महिन्यात त्यातल्याच एकाने टायर आणि चेन बदलून दिली. प्रार्थनेचं उत्तर स्वतःच्या खिशातून येणार असं दिसलं की हसू थांबतं!

अशी प्रार्थना व्हायची तर पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी खरा हवा. क्षेत्रातून येणारी पत्रं फार गोड असतात. सगळीकडे द्वारं उघडलेली, सगळीकडे आनंद. त्यांचा दोष नाही. मंडळ्यांना तेच आवडतं, आणि ज्याला आवडतं ते पाठवलं नाही तर मदत आटते ही भीती असते. हॉलच्या काळातल्या पत्रांत मरणं होती, निराशा होती, आणि तीच वाचून लोक गुडघ्यावर येत. मंडळीने स्वतःहून कळवायला हवं की आम्हाला वाईट बातमीही चालेल, या वर्षी कुणीच आलं नाही असं लिहिलंत तरी चालेल. आणि मंडळीने उत्तर पाठवायला हवं. वर्षाला एकदा नाताळचं छापील कार्ड म्हणजे उत्तर नव्हे.

आमच्या कमिटीत हा विषय निघाला तेव्हा पहिला आक्षेप वेळेचा आला. लोक ऑफिसातून उशिरा येतात, मेट्रो, ट्रॅफिक, हायटेक सिटीहून परत यायला दोन तास. ऑनलाइन घ्या असं तरुणांनी सुचवलं. घ्यावी की, ज्यांना शक्यच नाही त्यांच्यासाठी. पण कॅमेरा बंद करून भाजी चिरणाऱ्याला प्रार्थना करताना कुणी पाहत नाही आणि तोही कुणाला पाहत नाही. माझं मत समोरासमोर जमण्याच्या बाजूने पडलं. अर्धा तास पुरे. एक पत्र वाचायचं, पूर्ण वाचायचं. तीन नावं घ्यायची, जास्त नको. भाषण नको, गायनगट नको, चहा असला तर चालेल.

वार तोच धरायचा ठरतोय, महिन्याचा पहिला सोमवार. पत्र वाचायचं काम कॉलेजात जाणाऱ्या दोघी मुलींकडे दिलंय, कारण आमच्यात हिंदी, तेलुगू आणि मराठी तिन्ही न अडखळता वाचणाऱ्या त्याच आहेत. वही अम्मांकडेच राहील. वेळेचं मात्र अजून पक्कं नाही: अय्यगारु सात म्हणतात, पण खालच्या गल्लीत सोमवारी नळाला सातला पाणी येतं, तेव्हा साडेसातच्या आधी कुणी येणार नाही असं बायकांचं म्हणणं आहे.